पार्किन्सनवर नवीन औषध कधी येणार? चाचणीत नाव कसं घालायचं?

खानापूरवाला:
नऊ वर्षं झाली. दरवर्षी पेपरात येतं, पाच वर्षांत कायमचा इलाज. ती पाच वर्षं काय संपेनात. उंदीर बरे झाले म्हणे, आमचा नंबर कधी? पार्किन्सन डॉक्टरनं या दुखण्यावर १८१७ ला लिहिलं, पेशवाई बुडायच्या आदल्या वर्षी. आणि मी खातोय ती गोळी मी शाळेत होतो तेव्हाची. मला चाचणीत जायचंय. कुठं विचारायचं तेवढं सांगा. एका बोटानं लिहितोय, चुका काढू नका.

टिळकवाडी७:
वय? गोळी कुठली, किती, कधी घेता?

कुंदाप्रेमी:
काका, आमच्या मामींचा हात थरथरायचा, थायरॉईड निघाला. तपासून घ्या.

खानापूरवाला:
नऊ वर्षं म्हटलं की हो.

निपाणीकर:
कुहिलीच्या बियांची पूड दुधातून घ्या. आमचे आबा परत शेतात जायला लागले.

औषधवाली:
कुहिलीत लिव्होडोपाच असतो, म्हणजे त्यांच्या गोळीतलाच. पुडीतून किती पोटात गेला ते मात्र कळत नाही. वर गोळी चालूच, मग अंग आपोआप वळवळायला लागतं.

निपाणीकर:
म्हणजे गुण येतो हे कबूल की!

सायलेंट_वाचक:
वडिलांना हेच आहे म्हणून वाचत असते. हात थरथरायला लागेपर्यंत मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या पेशी निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. आजार किती पुढं सरकला ते मोजायला रक्ताची साधी तपासणी नाही. त्यात नुसत्या साखरेच्या गोळीनंही पेशंटला काही दिवस बरं वाटतं, म्हणून चाचण्या लांबतात. मधुमेहाच्या एक्झेनाटाइडवर केवढी आशा होती! ९६ आठवडे दिलं, २०२५ मध्ये निकाल आला, फरक शून्य. त्या दिवशी बाबांना काही सांगितलंच नाही मी.
काका, भारतातल्या औषधांच्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीच्या साइटवर नोंदवतात. तिथं शोधा.

शहापूरकर:
बेंगळुरूला निमहान्स गाठा, मेंदूच्या आजारांचं मोठं हॉस्पिटल. राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रीची आहे.

मिरजेचा_जावई:
कशाला एवढं लांब? मिरजेला मराठीत तरी बोलतात.

शहापूरकर:
दुखण्याला भाषा असते होय? बेळगावात राहून कन्नड येत नाही तर...

टिळकवाडी७:
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे. काका, गोळीचं सांगा ना.

खानापूरवाला:
वय ६२. सिंडोपा ११०, चार वेळा. सकाळी सातला उप्पीट आणि पेलाभर दुधाबरोबर. अकरापर्यंत चढतच नाही.

औषधवाली:
हे आधी सांगायचं की! दुधातलं प्रथिन गोळीला आत जाऊ देत नाही. डॉक्टरांना विचारून खाण्याआधी अर्धा-पाऊण तास घेऊन बघा. दूध रात्रीवर ढकला. स्वतःहून डोस वाढवू नका.

खानापूरवाला:
डॉक्टरांना फोन केला, चालेल म्हणाले. चार दिवस झाले. साडेसहाला गोळी, सव्वासातला उप्पीट. आज आठला शर्टाची बटणं माझी मी लावली. नऊ वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. साइट सगळी इंग्रजीत आहे, पोराला बसवलंय शोधायला. चाचणीत प्रत्यक्ष गेलेलं कोण आहे का इथं?

निपाणीकर:
काका, पूड पाठवू का?