कांद्याच्या प्रश्नावर आमदारांना भेटायचंय, संघटना हे काम नेमकं कसं करतात?

डोंबिवली_निफाड: मी डोंबिवलीत राहतो, घर निफाड तालुक्यात. गावाकडच्या शेतकरी उत्पादक कंपनीतले काही जण अधिवेशनाच्या वेळी मुंबईला यायचं म्हणतायत, कांदा निर्यातीचं धोरण सारखं बदलतं त्यावर आमदारांना भेटायचंय आणि मी इथे आहे म्हणून सगळी जुळवाजुळव माझ्याकडे आलीय. निवेदन दिलं, फोटो काढला, परत गेलो असं करायचं नाहीये. साखरवाले, मोठ्या शेतकरी संघटना सरकारकडून कामं कशी करून घेतात? माहीत असलेल्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

विधानभवन_कट्टा: काही वर्षं एका आमदारांकडे काम केलंय म्हणून सांगतो. आधी हे बघा की मागणी कुणाच्या हातातली आहे. निर्यातबंदी, निर्यातशुल्क सगळं केंद्राचं. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरला बंदी आली, मे २०२४ ला बंदी उठली पण ४० टक्के शुल्क लावलं, ते पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ पासून, आणि यातलं काहीही नरिमन पॉइंटला ठरलेलं नाही. त्यासाठी खासदार धरा. आमदारांकडे राज्याचं मागा, म्हणजे अनुदान, कांदाचाळ (कांदा साठवायची शेड), बाजार समितीतला कारभार. २०२३ ला लेट खरीप कांद्याला क्विंटलमागे आधी ३०० जाहीर झाले आणि किसान सभेचा मोर्चा मुंबईच्या दिशेने निघाल्यावर ३५० झाले, ते राज्याने दिले.

दुसरं, निवेदन एका पानाचं ठेवा आणि सोबत लक्षवेधीचा (तातडीच्या विषयावर मंत्र्यांकडून सभागृहात उत्तर मागणाऱ्या सूचनेचा) मसुदा तयारच द्या. आमदारांच्या पीएकडे रोज गठ्ठ्याने कागद येतात, ज्याच्यावर थेट सही करून सूचना देता येते तोच पुढे सरकतो. तारांकित प्रश्नाची (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) मुदत अधिवेशनाच्या बरीच आधी संपते, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर येऊन प्रश्न लावा म्हणालात तर कुणीच काही करू शकत नाही.

उसाचा_पट्टा: साखरवाल्यांचं वेगळं आहे हो. कित्येक कारखान्यांचे चेअरमन, संचालक स्वतःच आमदार नाहीतर खासदार, त्यांना पास काढून आत जायची गरजच पडत नाही. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बंद केलं आणि आठवड्याभरात १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत परत परवानगी दिली. कांदा बंदीही त्याच आठवड्यात आली होती, ती उठायला मे उजाडला. मला याचा खरंच राग येतो. ऊस उत्पादकाला मात्र एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) एकरकमी मिळावी म्हणून कोर्टात जावं लागलं, राज्याने २०२२ ला ती हप्त्यांत द्यायचा जीआर (शासन निर्णय) काढलेला तो मुंबई हायकोर्टाने मार्च २०२५ ला रद्द केला, शेतकरी नेते राजू शेट्टींच्या याचिकेवर. म्हणून जीआरचा नंबर, तारीख पाठ ठेवा, भाषणापेक्षा ते कामाला येतं.

आझाद_मैदान: वरचं सगळं बरोबर पण नुसत्या कागदाने होत नाही हेही लिहा ना. २०१८ ला नाशिकहून चालत आलेले आदिवासी शेतकरी आझाद मैदानात बसले तेव्हा कुठे मंत्र्यांनी वाटाघाटी करून लेखी आश्वासन दिलं. त्यांच्याकडे वनहक्क दाव्यांची (कसत असलेली वनजमीन नावावर करायची) ठोस मागणी होती आणि मागे हजारो माणसं होती, दोन्ही लागतं. तुम्ही पाच-सहा जण येणार असाल तर शेजारच्या गावांच्या ग्रामसभांचे ठराव तरी सोबत आणा.

डोंबिवली_निफाड: खूप आभार सगळ्यांचे. म्हणजे दोन वेगळे कागद करतो, चाळीचा आमदारांना आणि निर्यातीचा खासदारांना. खासदारांसाठी दिल्लीला जावंच लागेल का?

विधानभवन_कट्टा: नाही. संसदेचं अधिवेशन चालू असलं तरी बरेच खासदार शनिवार-रविवारी मतदारसंघात असतात, आधी फोन करून तिथेच गाठा. शुल्काचा कागद अर्थमंत्र्यांच्या नावे करा आणि बंदीचा वाणिज्यमंत्र्यांच्या, दोन्ही एकात घालू नका. पोच घ्या आणि पंधरा दिवसांनी परत फोन करा.