संहती, तीव्रता, घट्टपणा आणि 'एकास दोन'

प्रश्न : एमएस्सीच्या मुलांसाठी जेल आणि बफरच्या (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाच्या) कृती मराठीत लिहिते आहे. 'कॉन्सन्ट्रेशन'साठी संहती, तीव्रता, सांद्रता असे तीन शब्द दिसतात. कोणता घ्यावा? आणि '१:२ डायल्यूशन'ला 'एकास दोन' म्हटलेलं चालेल का?

उत्तर : संहती घ्या. 'संहत' आणि 'विरल' ही जोडी मुलांनी शाळेतच ऐकलेली असते. सांद्रता चूक नाही, पण ती हिंदी पुस्तकांत जास्त भेटते.

तीव्रता मात्र टाळाच. आम्लांच्या बाबतीत तीव्र-सौम्य ही जोडी आयनीभवन किती होतं ते सांगते, पाण्यात माल किती आहे ते नाही. ग्लेशियल, म्हणजे जवळजवळ पाणी नसलेलं, ॲसेटिक आम्ल साधारण १७.४ मोलर (लिटरमागे १७.४ मोल), म्हणजे चांगलंच संहत, तरी ते सौम्य आम्लच. ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल विरल, तरीही तीव्र. 'घट्ट'सुद्धा नको. १ टक्का ॲगारोज (जेल ज्या भुकटीचा करतात ती) उकळून थंड झाला की वडीसारखा थिजतो, ४० टक्के साखरेचं पाणी मात्र खुशाल वाहतं.

'एकास दोन'बद्दल मी हट्टाने नाही म्हणेन. गवंडी 'एकास सहा' म्हणतो तेव्हा एक घमेलं सिमेंट, सहा घमेली वाळू, एकूण सात. मराठी कानाला 'एकास' म्हणजे बेरीजच. प्रयोगशाळेत मात्र १:२ म्हणजे बहुतेकदा एकूण दोन भागांत एक भाग. आमच्याकडे एका मुलीने प्रथिनाचं प्रमाण-द्रावण १००० मायक्रोग्रॅम प्रति मिलीपासून चार वेळा 'एकास दोन' केलं, एकात दोन घालून. शेवटच्या नळीत ६२.५ हवं होतं, आलं १२.३. तिचं मराठी अचूक होतं, कृती लिहिणाऱ्याची चूक होती. 'दुप्पट विरल', 'दहापट विरल' असं लिहा, वाद उरत नाही.

प्रश्न : मग '५० एक्स टीएई'ला (ट्रिस, ॲसिटेट आणि ईडीटीए यांचं जेलसाठीचं बफर) '५० पट संहत टीएई' म्हणू?

उत्तर : म्हणा, पण बाटलीवर ५० एक्सच राहू द्या, सगळे तेच वाचतात. पट कशाची, हे मात्र कृतीत एकदा लिहा. एका लिटरला २४२ ग्रॅम ट्रिस, ५७.१ मिली ग्लेशियल ॲसेटिक आम्ल आणि ०.५ मोलर ईडीटीए (पीएच ८) १०० मिली. ट्रिसचा रेणुभार १२१.१, म्हणजे २ मोलर झालं. ५० ने भागा : ४० मिलिमोलर. तसंच ॲसिटेट २० आणि ईडीटीए १. मुलांनी हा भागाकार एकदा स्वतः केला की 'एक्स' म्हणजे नुसतं अक्षर राहत नाही.

आणखी एक : 'एक लिटर पाण्यात विरघळवा' असं लिहू नका. २४२ ग्रॅम ट्रिस स्वतःही जागा घेतं. 'थोड्या पाण्यात विरघळवून एक लिटरपर्यंत भरा' असं हवं. आपला 'पर्यंत' इथे फार कामाचा आहे. वापरताना २० मिली घेऊन तेही एक लिटरपर्यंतच.

जेललाही हेच लागू. १ ग्रॅम ॲगारोज १०० मिली बफरमध्ये उकळला की पाणी उडतं आणि जेल १ टक्क्याहून वर जातो. फ्लास्क उकळण्याआधी तोलून ठेवावा, मग गरम पाणी घालून मूळ वजनापर्यंत आणावा.

प्रश्न : 'मूळ वजनापर्यंत' आत्ताच कृतीत घातलं. 'एकास' चार ठिकाणी होतं, काढलं.