अंधारकोठडीत उतरतात का? डन्जनला मराठी शब्द हवा

लष्करवाला
फावल्या वेळात एक गेम लिहितोय, अख्खा मराठीत. जुन्या 'रोग' (Rogue) या कॉम्प्युटर गेमच्या धर्तीवर: काळा पडदा, चित्र एकही नाही, नायक म्हणजे @ आणि भुतं म्हणजे अक्षरं. मूळ गेम १९८० चा, त्यात ए ते झेड असे २६ राक्षस होते. माझ्याकडे ह म्हणजे हडळ, स समंध, ज जखीण, ख खवीस, च चकवा. च शेजारून गेला की थोडा वेळ बाणांच्या कळा उलट्या चालतात, डावी दाबली की उजवीकडे. इंग्रजी गेममधले एल्फ-ऑर्क घेतले नाहीत. आपला मुंजा पिंपळावर रिकामा बसलेला असताना टोकदार कानांची मंडळी हवीत कशाला?

अडलंय पहिल्याच वाक्यात. 'तू अंधारकोठडीत उतरतोस' असं लिहिलं आणि आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अंधारकोठडीत कोणी उतरत नाही रे, टाकतात." तेव्हापासून वाक्य तसंच लटकलंय. गेममधलं डन्जन म्हणजे तुरुंग नव्हे. खोल्या, बोळ, सापळे, खजिना, खाली खाली जाणारे मजले, आणि दर खेपेला नकाशा नवा. 'तळघर' म्हटलं की मला लोणच्याच्या बरण्या दिसतात. आपल्या ग्वाल्हेरात कुणी काही वेगळं म्हणतं का?

कोशातला किडा
भुयार. विचार कसला करताय? भूमिगृहावरून आलेला शब्द आहे, म्हणजे जमिनीखालचं घरच झालं. शिवाय भुयारात आपण आपल्या पायांनी उतरतो, आत्याबाईंची हरकत नसावी.

बडोद्याची माई
गुजरातीत भोंयरुं म्हणजे आजही तळघर. आमच्या सोसायटीत लोक स्कूटर भोंयऱ्यात लावतात. मराठी माणूस मात्र भुयारात एका तोंडाने शिरतो आणि दुसऱ्याने बाहेर पडतो, निदान गोष्टींमध्ये तरी. प्रत्येक किल्ल्याला एक भुयार असतंच, ते थेट नदीवर निघतं आणि कुणीच पाहिलेलं नसतं. तुमच्या गेमला दुसरं तोंड आहे का?

लष्करवाला
नाही ना माई. 'रोग'मध्ये २६ मजले खाली जाऊन ताईत घ्यायचा आणि त्याच वाटेने वर यायचं. मध्ये मेलात तर पहिल्यापासून सुरू. भुयार मलाही आवडतो, पण 'भुयाराचा सातवा मजला' कानाला खटकतं. भुयार आडवं असतं.

स्वभाषाभिमानी
ताईत अरबी, मजला अरबी, खजिना अरबी, गेम इंग्रजी. मराठी गेममध्ये मराठी काय उरलं? 'भूगर्भदुर्ग' घ्या. रघुनाथपंत हणमंत्यांनी शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून फारसी शब्दांना संस्कृत शब्द देणारा राज्यव्यवहारकोश केला, तेव्हाही लोक हसले असतील. सावरकरांच्या 'महापौर'ला आज कोण हसतं?

वेताळ २.०
भूगर्भदुर्ग! खवीस आत शिरेल कशाला, नाव वाचूनच पळेल.
सरळ 'तहखाना' लिहा. दवाखाना चालतो, कारखाना चालतो, तोफखाना चालतो, मग तहखान्यानेच काय घोडं मारलंय? आणि महापौर चालला कारण तो सरकारी पाटीवर लागला. गेमला सरकारी पाटी नसते. खेळणारा तिसऱ्या मिनिटाला बंद करतो.

स्वभाषाभिमानी
तहखाना हिंदी आहे.

वेताळ २.०
फारसी आहे. हिंदीनेही उसनाच घेतलाय. शेजाऱ्याने आणला म्हणून आपण आणायचा नाही?

गडावरचा
कोश बाजूला ठेवा आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चला. तिथल्या मानमंदिर राजवाड्याला जमिनीखाली दोन मजले आहेत. गाईड छतातल्या कड्या दाखवतो आणि सांगतो, इथे मानसिंह तोमराच्या राण्यांचे झोपाळे असायचे, पुढे मोगलांनी याचा कैदखाना केला. औरंगजेबाचा सख्खा भाऊ मुराद याच किल्ल्यावर कैदेत होता, १६६१ मध्ये त्याला इथेच मारलं. दुसरा भाऊ दारा शुकोह, त्याच्या मुलाला, सुलेमान शुकोहला, पोस्त म्हणजे अफूच्या बोंडांचं पाणी पाजून पाजून संपवल्याचं सांगतात, तोही इथेच. गाईडचं खरं मानलं तर जागा तीच: राणी उतरायची, शहजाद्याला टाकायचे. आत्याबाईंनी नेमकं बोट ठेवलंय. नाम शोधू नका, क्रियापद सांभाळा.

कोशातला किडा
भर घालतो. इंग्रजी शब्दही असाच घसरलाय. मूळ फ्रेंच 'दोंजों' म्हणजे गढीचा मुख्य बुरूज, धन्याची जागा. मुळाशी लॅटिन 'दोमिनुस', म्हणजे धनी. फ्रेंचमध्ये आजही बुरूजच. इंग्रजांकडे तो बुरूज जमिनीत गेला आणि १९७४ च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'नंतर त्यात खजिना आला. आपल्या बालेकिल्ल्यातला 'बाला'ही फारसी, अर्थ 'वरचा'. म्हणजे काटेकोर भाषांतर करायचं तर डन्जन = बालेकिल्ला.

वेताळ २.०
'तू बालेकिल्ल्यात उतरतोस.' झालं, निवडणुकीचा गेम झाला.

इंदूरचा पाहुणा
विषय निघालाच आहे तर विचारतो. तुम्ही ग्वाल्हेरवाले 'बाड्यावर जाऊन येतो' का म्हणता? तो शिंदे महाराजांचा वाडा ना? आम्ही इंदुरात राजवाडाच म्हणतो, हिंदी बोलणारेही राजवाडाच म्हणतात.

लष्करवाला
अहो, डन्जन राहिलं.

गडावरचा
हिंदीवाल्यांनी बाडा केलं, आपण ते परत घेतलं. पाटीवर जयाजी चौक असेल, रिक्षावाल्याला बाडाच सांगावं लागतं. घरात मात्र आजीपुढे 'बाडा' म्हणून बघा! बाडा म्हणजे हिंदीत गुरं कोंडायची जागा, एवढंच ती ऐकवते.

स्वभाषाभिमानी
हेच म्हणतोय मी. आज वाड्याचा बाडा, उद्या 'मी जेवून चुकलो'. माझ्याकडे ग्वाल्हेरहून आलेला भाचा असं म्हणाला, तर बायको घाबरून विचारते, काय चुकलं?

बडोद्याची माई
चुकलं काही नाही, त्याचं जेवण झालं. मुलगा पोट भरून जेवलाय आणि तुम्ही त्याचं व्याकरण तपासताय. सयाजीरावांनी १९३१ मध्ये शासनशब्दकल्पतरु काढला, त्यात कारभाराच्या शब्दांना आठ भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी लावले, फारसी आणि उर्दूसुद्धा. शेजारी बसवलं म्हणून कुणाचं सोवळं मोडलं नाही. मला तर वाटतं लष्करवाल्यांनी मजल्यामजल्याने शब्द बदलावा. वर तळघर, मग धान्य साठवायचं बळद, मग जमिनीत खणलेलं पेव, मग भुयार, अगदी खाली पाताळ. पेव काय असतं हे पोरांना त्यानिमित्ताने कळेल. 'पेव फुटलं' सगळे म्हणतात, धान्याचं पेव कुणी पाहिलंय?

वेताळ २.०
माईंना माझा मुजरा. पेवात वायू साचतो, आत उतरलेला माणूस गुदमरतो. सापळा तयारच आहे, लिहावाही लागणार नाही.

लष्करवाला
हे करण्यासारखं आहे. फक्त जागेचा प्रश्न येतो. पडदा चौकोनी घरांचा आहे, एका घरात एक अक्षर. कॉम्प्युटरच्या युनिकोड लिपीसंचात 'वे' म्हणजे व आणि मात्रा अशी दोन चिन्हं. माझ्या टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, मात्रा फुकटात अक्षराच्या डोक्यावर बसते, पण काना आख्खं घर खातो. त्यामुळे 'पाताळ' लिहिलं की पलीकडची भिंत सरकते. पहिली वेलांटी तर लिहायची मागून, दिसायची पुढे. म्हणूनच भुतांना नुसती व्यंजनं दिली. ख सुद्धा इतका रुंद आहे की शेजारच्या घरात पाय टाकतो.

वेताळ २.०
खविसाला तेवढी मुभा हवीच. पण एवढ्या खटपटीपेक्षा चित्रं का नाही घालत? आजकाल फुकट मिळतात.

लष्करवाला
कारण पुतण्या शंभर जीबीचा गेम उतरवतो, त्यातल्या राक्षसाच्या कातडीवरची छिद्रंसुद्धा दिसतात, आणि तो खेळता खेळता चिप्स खातो. काळ्या पडद्यावर एक 'ह' कोपऱ्यातून तिरका सरकत आला तेव्हा त्याने पाय खुर्चीवर घेतले. चित्र काढलं की हडळ त्या चित्रकाराची होते.

स्वभाषाभिमानी
हडळ ठीक. पण तुमच्या यादीत 'खवीस' दीर्घ आणि वेताळांच्या उत्तरात 'खविसाला' ऱ्हस्व. एक काय ते ठरवा.

कोशातला किडा
दोन्ही बरोबर आहेत. उपान्त्य दीर्घ ई सामान्यरूपात ऱ्हस्व होते, गरीब-गरिबाला तसं. तुम्हाला दिसला कसा नाही नियम?

स्वभाषाभिमानी
नियम तत्सम, म्हणजे संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या शब्दांना लागत नाही.

कोशातला किडा
खवीस तत्सम?! अरबी आहे तो, 'खबीस'. तुमच्याच पहिल्या यादीत टाकायचा राहिला.

इंदूरचा पाहुणा
गेम मोबाइलवर चालेल का? आणि राजवाड्याबद्दल कुणी बोललंच नाही.