सार्डिनिया: अल्गेरो ते बोसा रोड बाईकवर, एका दिवसात जाऊन-येऊन जमेल का?

घाटवेडी

नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी लिहितेय. लेक मिलानला शिकतेय, मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे चाललोय आणि त्यातले चार दिवस मी भांडून स्वतःसाठी काढून घेतलेत. सार्डिनिया या इटलीच्या बेटावर जायचं, अल्गेरो गावात राहायचं आणि तिथून समुद्राच्या कडेकडेने बोसापर्यंत सायकलवर जायचं असं डोक्यात बसलंय. एक फोटो बघितला होता, खाली निळंशार पाणी आणि वर नुसता रिकामा रस्ता, तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये.

नकाशावर ४५ किमीच्या आसपास दिसतंय. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाटच असणार ना? सकाळी निघायचं, बोसात जेवायचं, संध्याकाळी त्याच रस्त्याने परत, असा हिशोब केलाय. वय ४९, रविवारी बोपदेव नाहीतर दिवे घाट ठरलेला, मागच्या वर्षी एक २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) साडेबारा तासांत केली (शेवटचा तास कसा गेला ते विचारू नका). अहो सायकल चालवत नाहीत, त्यांचं काय करायचं हा वेगळाच प्रश्न. सायकल तिथेच भाड्याने घेणार. कोणी गेलंय का? आणि वाटेत खायला-प्यायला मिळतं ना?

चेन_उतरली

ताई सार्डिनिया कशाला, स्पेनचं मायोर्का बेट करा सरळ. रस्ते लोण्यासारखे, गल्लोगल्ली भाड्याची सायकल आणि गाडीवाले सायकलवाल्यांना सरावलेले. तिथला सा कालोब्राचा घाट ऐकला असेल, साडेनऊ किमी, सरासरी ७ टक्के चढ, २६ हेअरपिन वळणं, एका ठिकाणी तर रस्ता स्वतःच्याच पोटाखालून जातो. मजा अशी की तो खाली समुद्रापाशी जाऊन संपतो, म्हणजे आधी मस्त उतरायचं आणि मग कळतं की परत यायला तोच चढ आहे. हाहा. आणि फॉर्मेंतोरच्या दीपगृहाच्या रस्त्यावर उन्हाळ्यात दिवसा खासगी गाड्या बंद असतात, सायकल चालते. आयुष्यात एकदाच जाणार असाल तर तिकडेच जा.

राईनकाठचा

मायोर्का चांगलंच आहे, पण लेक मिलानला असताना स्पेनला कशाला पाठवताय त्यांना. शिवाय सीझनला तिथे चढावर सायकलींची रांग असते, फोटोतला तो रिकामा रस्ता मिळायचा नाही.

घाटवेडी ताई, मी अल्गेरो-बोसा दोनदा केलंय, पहिल्यांदा चुकीच्या बाजूने, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, सपाट अजिबात नाही. आपल्या कोकणात श्रीवर्धनहून खाली यायला लागलं की जे होतं तेच, नकाशावर समुद्र शेजारी आणि पायाखाली घाट. तिथला दगड आपल्या सह्याद्रीसारखाच ज्वालामुखीचा, पण तांबूस, आणि कडा सरळ पाण्यात उतरतो, त्यामुळे रस्त्याला खाली जागाच नाही, तो वरून काढलाय. सुरुवातीला चढ-उतार, मग साडेतीनशे मीटरच्या आसपास उंची गाठतो आणि शेवटी बोसाकडे लांब उतार. एकूण सात-आठशे मीटर चढाई धरा. बोपदेव करणाऱ्या बाईला अवघड नाही, पण "सपाट आहे" असं समजून निघालात तर विसाव्या किलोमीटरला मनातून खचाल, माझं तेच झालं होतं.

दुसरी आणि खरी गोष्ट म्हणजे पाणी. अल्गेरो सोडल्यावर आठ-दहा किमीवर एक बीच लागतो, तिथे काहीतरी मिळू शकतं, आणि त्यानंतर बोसा येईपर्यंत गाव नाही, नळ नाही, टपरी नाही, उसाचं गुऱ्हाळ तर स्वप्नातच. झाडंही नाहीत, नुसती खुरटी झुडपं, ऊन डोक्यावर. मी एकच बाटली घेऊन गेलो होतो कारण मलाही वाटलं ४५ किमीच तर आहे. शेवटी एका व्ह्यू पॉइंटला जर्मन नंबरप्लेटची कॅम्पर व्हॅन दिसली, त्यातल्या आजोबांनी बाटली भरून दिली, वर दोन जर्दाळू दिले आणि असं बघितलं की जणू मी त्यांचा नापास झालेला नातू. तर दोन मोठ्या बाटल्या आणि खिशात एक जादा, बस्स.

तिसरं, दिशा. तिथे मायस्त्राले म्हणून वारा आहे, वायव्येकडून येतो, सुटला की दोन-तीन दिवस हलत नाही. मी पहिल्यांदा बोसाहून अल्गेरोला चाललो होतो आणि तो सगळा तोंडावर, उतारावरसुद्धा पेडल मारावं लागत होतं. दुसऱ्यांदा अल्गेरोहून निघालो तर तोच वारा पाठीत हात घालून ढकलत होता. फक्त वळणावर तो अचानक बाजूने येतो, तेव्हा हँडल सैल धरू नका. आणखी एक, तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे दक्षिणेला जाताना तुम्ही समुद्राच्या बाजूला असता. फोटोतलं पाणी अख्खा वेळ उजव्या हाताला, मध्ये एक लेनसुद्धा नाही. उलट येताना तेच पाणी रस्त्यापलीकडे जातं आणि तुम्ही डोंगराची भिंत बघत बसता.

म्हणून त्याच रस्त्याने परत येऊ नका. दम असेल तर बोसातून आत मोंत्रेस्ता आणि व्हिलानोव्हा मोंतेलेओने या गावांवरून या, चढ आहे चांगलाच, सगळं मिळून शंभर-एकशे दहा किमी होतात, पण गावं लागतात, पाणी मिळतं आणि व्हिलानोव्हाहून अल्गेरोपर्यंत वीसेक किलोमीटर खाली खालीच येता, समोर सगळी खाडी. एकच लक्षात ठेवा, दुपारी एक ते चार गावात कुत्रंसुद्धा बाहेर नसतं. दुकानं बंद.

आणि मध्येमध्ये थांबून वर बघा. बोसाच्या बाजूला गिधाडं आहेत, ग्रिफन जातीची, पंख पसरले की अडीच मीटर. मी एका वळणावर केळं सोलत उभा होतो आणि एक गिधाड कड्याखालून वर आलं, म्हणजे मला आधी त्याची पाठ दिसली. आपल्याला गिधाड कायम मान वर करून बघायची सवय, इथे ते पायाखाली होतं. केळं तसंच हातात राहिलं.

रविवार टाळा, मोटरसायकलवाले फार येतात.

पान्हा_नंबर_दहा

वरच्या दादांनी सगळं लिहिलंय, मी फक्त दुकानदार म्हणून बोलतो (नाशिकला सायकल रिपेअरचं काम करतो). भाड्याची सायकल हातात आली की पहिल्यांदा ब्रेक बघा. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुतेक उजव्या हाताला असतो, तिकडे बऱ्याचदा डाव्या हाताला. घाबरून ब्रेक मारताना हात सवयीनेच दाबला जातो आणि उतारावर चुकीचं चाक लॉक होतं. माझं एक गिऱ्हाईक युरोपात असंच हॉटेलच्या दारातच पडलं होतं, सुदैवाने कुंडीवर. तर आधी पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं फिरा किंवा त्यांना सांगा केबल बदलून द्या, हायड्रॉलिक असेल तर मात्र नाही बदलणार ते.

आपल्या सायकलची सीटची उंची मोजून घ्या, बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या दांड्या ज्यावर फिरतात त्या आसाच्या) मधोमधपासून सीटच्या वरपर्यंत, सेंटिमीटरमध्ये, आणि मोबाईलमध्ये फोटो ठेवा. क्लीट (बुटाच्या तळाला लावून पेडलमध्ये अडकवायची पट्टी) वापरत असाल तर पेडल घरून न्या. बुक करताना पुढच्या दोन चकत्यांना ५०-३४ आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला ३२ दात आहेत का ते विचारा, नुसतं "रोड बाईक" म्हणालात तर रेसवाली काहीतरी गळ्यात मारतील आणि गुडघे तुमचे जातील. टायर २८ मिमीचे.

चेन_उतरली

बरं बाबा हरलो. पण इतिहास तरी सांगा त्यांना, २०१७ चा जिरो (इटलीची मोठी सायकल शर्यत) म्हणजे शंभरावा जिरो अल्गेरोहूनच सुटला होता. पहिली स्टेज अल्गेरो ते ओल्बिया, २०६ किमी. सार्डिनियाचा स्वतःचा पोरगा फाबियो आरू, २०१५ ची व्हुएल्टा (स्पेनची तशीच शर्यत) जिंकलेला, नेमका २०१७ ला गुडघा दुखावून बाहेर. घरच्या गणपतीला घरचाच माणूस नाही.

घाटवेडी

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. सपाटचा गैरसमज गेला, बाटल्या तीन. ब्रेकचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि मी खरंच उजवा दाबणारी आहे.

मनाचं असं ठरतंय की कडेने जाताना सायकल आणि परतीचं बघू, आतल्या रस्त्याचा चढ बघून जरा पोटात गोळा आलाय. अहोंना सांगितलं की तुम्ही गाडी भाड्याने घ्या, बोसात भेटा, माझी सायकल डिकीत टाकून परत येऊ. ते तयार आहेत. राईनकाठचा, मध्ये मी अडकले तर ते येऊ शकतील ना त्याच रस्त्याने? आणि मोबाईलला रेंज?

राईनकाठचा

येऊ शकतील, समुद्राच्या कडेने तोच रस्ता आहे, दुसरा नाहीच. रेंज मला मध्येमध्ये गेली होती, त्यामुळे निघताना "अमुक वाजेपर्यंत आले नाही तर निघा" असं ठरवून ठेवा, फोनच्या भरवशावर नको. त्यांना आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढायला सांगा, नुसत्या आपल्या लायसनवर गाडी मिळताना कटकट होते. सायकलचं पुढचं चाक काढायची प्रॅक्टिस पण घरीच करून घ्या, छोट्या गाडीत तशीच नाही बसत.

बोसात तेमो नदीवरचा जुना दगडी पूल आहे, तिथे भेटायचं ठरवा, चुकायला वाव नाही. पलीकडे रंगीबेरंगी घरं चढत गेलीत आणि वर किल्ला. ते आधी पोचले तर नदीकाठी बसतील आरामात.

घाटवेडी

ठरलं मग, पूल. अहोंचा एकच प्रश्न आहे, बोसात चहा मिळतो का.

राईनकाठचा

मिळतो, कपात गरम पाणी, शेजारी पुडी आणि लिंबाची फोड. दूध वेगळं मागायचं आणि ते थंड देतात. काकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही ४५ किमी मारून याल आणि चिडलेले ते असतील.