लीड्समध्ये चॅरिटी शॉपमधून हिवाळी कपडे घ्यावेत का? अनुभव सांगावेत

प्रश्न: सोलापूरची_चादर

नमस्कार. आम्ही नुकतेच सोलापूरहून लीड्सला राहायला आलो असून दोन मुलांसह चौघांच्या हिवाळ्याची तयारी करायची आहे. नव्या लोकरी कोटांच्या किमती पाहून हात आखडला, तेव्हा शेजारच्या बाईंनी लीड्सच्या हेडिंग्ली भागातील चॅरिटी शॉप, म्हणजे दानात आलेल्या जुन्या वस्तू विकून सेवाभावी संस्थेसाठी पैसे उभे करणारे दुकान, पाहून येण्यास सुचवले. तेथे एक उत्तम लोकरी कोट १५ पौंडांना होता आणि त्याच दांडीवर एका स्वस्त साखळी दुकानाचा, नवा ५ पौंडांना मिळणारा टी-शर्ट साडेचार पौंडांना लावलेला होता. हा हिशोब मला उमगला नाही.

दुसरी अडचण घरातली आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की, आपण जुने कपडे बोहारणीला देऊन भांडी घेणारी माणसे, कोणाचे उतरवलेले अंगावर घालणारी नव्हे. त्यांची समजूत काढता येईल, पण त्याआधी माझी स्वतःची खात्री पटायला हवी. अशा दुकानांतून काय घ्यावे, काय टाळावे, आणि वस्तू सदोष निघाल्यास पैसे परत मिळतात का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर: शनिवारचा_गडी

मी येथील एका चॅरिटी शॉपच्या मागच्या खोलीत शनिवारी विनावेतन काम करतो, त्यामुळे तुमच्या टी-शर्टचा उलगडा करू शकेन. दानात आलेल्या पिशव्या आम्ही टेबलावर रिकाम्या करतो. डाग, भोके आणि वास यांपायी बरेचसे कपडे तेथेच बाद होतात, उरलेल्यांवर वाफेची इस्त्री फिरते आणि मग किमतीची चिठ्ठी लागते. आमच्याकडे टी-शर्ट, पँट, कोट अशा प्रत्येक प्रकाराला एक किमान दर ठरलेला आहे आणि सहसा त्याखाली जाता येत नाही, कारण कपडा कोणताही असो, तो निवडायला आणि टांगायला लागणारा वेळ जवळपास सारखाच असतो. तो नवा कितीला मिळतो हे दर वेळी पाहत बसायला कोणालाही सवड नसते. परिणामी मूळची स्वस्त वस्तू येथे महाग ठरते आणि मूळची महाग वस्तू स्वस्तात पडते, म्हणून टी-शर्ट नवा घ्यावा आणि कोट येथून घ्यावा, असा माझा सरळ सल्ला आहे. बार्बर कंपनीचे जाकीट किंवा ल क्रूझे कंपनीचे बिडाचे पातेले असल्या नावाजलेल्या वस्तू मात्र आम्ही वेगळ्या काढतो आणि इंटरनेटवरचा भाव पाहूनच त्यांची किंमत लावतो, तेव्हा त्यांत घबाड मिळेल अशी आशा धरू नये.

चिठ्ठीवर दात्याच्या क्रमांकाची वेगळी पट्टी दिसली, तर ती गिफ्ट एड या सरकारी योजनेची समजावी. दाता येथे पुरेसा आयकर भरत असेल, तर त्याच्या वस्तू विकून आलेल्या आणि त्याने संस्थेला देऊ केलेल्या रकमेवर पौंडामागे आणखी २५ पेन्स संस्थेला सरकारकडून मिळतात. दानात आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर व्हॅटचा दर शून्य आहे. तरी भाडे, वीज आणि व्यवस्थापकाचा पगार कोणाला सुटलेला नाही, आणि गेल्या काही वर्षांत भाव चढले आहेत ही तक्रार मला रास्त वाटते.

सासूबाईंसाठी एक मुद्दा देतो. न खपलेले कपडे वजनावर चिंध्यांच्या व्यापाऱ्यांकडे जातात. लोकरी चिंध्या पिंजून त्यांतून पुन्हा सूत काढण्याची युक्ती लीड्सजवळच्या बॅटली गावात बेंजामिन लॉ याने १८१३ मध्ये काढली, असे मानले जाते. पुढे या धंद्याचे मोठे केंद्र हरयाणातील पानिपत झाले आणि थंड देशांतून टाकून दिलेल्या स्वेटरांची तेथे ब्लँकेटे होऊ लागली. पानिपतचे स्वस्त लोकरी ब्लँकेट त्यांनी कधी पांघरले असेल, तर परदेशातले उतरलेले कपडे त्यांच्या अंगावर केव्हाच येऊन गेले असण्याचा संभव बराच आहे.

उत्तर: जुनी_गोधडी

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, फक्त कोट पारखायचा कसा ते सांगते. आधी गळ्यामागची पट्टी वाचावी. मार्क्स अँड स्पेन्सरच्या कपड्यावर ‘सेंट मायकेल’ हे नाव असेल, तर तो बहुधा २००० पूर्वीचा असतो, कारण त्या सुमारास कंपनीने ते नाव वापरणे बंद केले. माझा गडद निळा कोट त्याच नावाचा आहे. घेतला तेव्हा डाव्या खांद्याशी अस्तर उसवलेले होते, ते हाताने टाके घालून शिवले, आणि लोकर मात्र इतकी घट्ट विणीची आहे की येथील बोचऱ्या वाऱ्याला ती अजून दाद देत नाही. लोकरीचे प्रमाण शिवणीतल्या छोट्या पट्टीवर असते. ते निम्म्याहून कमी असेल तर मी कोट परत टांगते.

त्यानंतर कोट खिडकीशी नेऊन उजेडात धरावा. कसर लागलेली असल्यास कॉलरखाली आणि बगलेच्या शिवणीत टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसतात. चेन असल्यास ती दोन्ही टोकांपर्यंत ओढून पाहावी. घरी आणल्यावर लोकरी कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवावा, म्हणजे कसरीची अंडी मरतात. लिहिलेल्या मापावर विसंबू नये. जुना १४ नंबर बहुधा आजच्या १२ एवढाच भरतो, तेव्हा आत स्वेटर चढवूनच घालून पाहावा.

लोणच्यासाठी किल्नर कंपनीच्या काचेच्या बरण्या अवश्य घ्याव्यात, रबरी चकती तेवढी नवी घालावी. आतून रंगीत नक्षी असलेली जुनी चिनीमातीची भांडी मात्र शोभेपुरतीच ठेवावीत, कारण त्यांच्या रंगात किंवा झिलईत शिसे असू शकते आणि ताक किंवा चिंचेचे सार यांसारख्या आंबट पदार्थांत ते उतरते. मुलांसाठी गाडीतली जुनी सीट कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नये. ती अपघातातून गेलेली आहे का, हे बाहेरून कळत नाही.

उत्तर: नियमावर_बोट

पैसे परत मिळण्याविषयी लिहितो. २०१५ चा ग्राहक हक्क कायदा चॅरिटी शॉपलाही लागू आहे. वस्तू सदोष निघाल्यास ३० दिवसांच्या आत ती परत करून पैसे मागता येतात. मात्र जो दोष विकताना सांगितला होता, किंवा तुम्ही वस्तू तपासली असताना लक्षात यायलाच हवा होता, त्याबद्दल तक्रार चालत नाही, आणि जुन्या वस्तूकडून नव्याची अपेक्षा कायदाही धरत नाही. नुसते मन बदलले तर परतावा देणे हा दुकानाच्या मर्जीचा प्रश्न आहे. एका दुकानातून घेतलेली विजेची किटली घरी तापलीच नाही, तेव्हा तेथील काउंटरवरच्या गृहस्थांनी ‘जुना माल परत घेत नाही’ असे उत्तर दिले. मी शांतपणे व्यवस्थापकांना भेटलो, पावती दाखवली आणि पैसे मिळाले. म्हणून पावती जपावी. विजेच्या वस्तूवर तपासणी झाल्याची, तारखेसह लावलेली पट्टी दिसत नसेल तर ती घेऊच नये. गादी लावलेल्या सोफा-खुर्चीवर आगीपासून सुरक्षिततेचे कायमचे लेबल शिवलेले आहे का, तेही पाहावे.

हेडिंग्लीत गिऱ्हाईक मुख्यतः विद्यार्थ्यांचे. जून संपता संपता ते घरे रिकामी करतात, तेव्हा तेथे पातेली आणि ताटल्या मुबलक येतात. चांगल्या लोकरीसाठी मात्र लीड्सजवळच्या इल्कली गावाला जावे, कारण सधन, वयस्कर वस्तीतून येणारे दान वेगळ्याच प्रतीचे असते.

सोलापूरची_चादर

सर्वांचे मनापासून आभार. पानिपतची गोष्ट सासूबाईंना वाचून दाखवली. मुलांसाठी नवेच घ्यायचे आणि मोठ्यांनी हवे ते करावे, इथवर त्या आल्या आहेत. इल्कलीला रविवारी गेल्यास चालेल का?

नियमावर_बोट

रविवारी बरीच दुकाने बंद असतात. शनिवारी सकाळच्या रेल्वेने जावे; लीड्सहून साधारण अर्ध्या तासाचा प्रवास आहे.