वाकडा आणि लांबलचक: कर्व्हड अल्ट्रावाइड गेमिंगसाठी खरंच हवाय का?

रात्रपाळी

जुलै २०२५ मध्ये २७ इंची सपाट मॉनिटर काढून ३४ इंची कर्व्हड अल्ट्रावाइड घेतला. ३४४० बाय १४४० पिक्सेल, व्हीए पॅनल (एलसीडीचा एक प्रकार), १५००आर (बाकाचं माप), रोख ३२ हजार. आता पुरेसा वापरून झालाय, तेव्हा मत मांडतो: रुंदी पैसावसूल, कर्व्ह मात्र निव्वळ दुकानातल्या काउंटरवर भुरळ पाडण्यापुरता.

'३४ इंच' हा आकडा आधी डोक्यातून काढा. घरी आल्यावर जुना आणि नवा शेजारी ठेवून टेप लावली. उंची दोघांचीही साडेतेहतीस सेंमीच्या आसपास. रुंदी जुन्याची ६०, नव्याची ८०. म्हणजे जुन्याच पडद्याला दोन्ही बाजूंनी पंजाभर पट्टी जोडलीय. साधा ३२ इंची घेतलात तर ७१ बाय ४० सेंमी मिळतो, क्षेत्रफळ उलट जास्तच! दुकानदार हे सांगत नाही.

पण त्या दोन पट्ट्यांनी जी मजा येते ती येतेच. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये पूर्वी उजवा आरसा बघायला कॅमेरा वळवावा लागायचा, आता नजर टाकली की काम झालं. सायबरपंकमध्ये पावसात गाडी हाणताना दोन्हीकडचे निऑन बोर्ड अंगावर येतात. एकदा सवय झाल्यावर परत १६:९ वर (नेहमीच्या रुंदीच्या पडद्यावर) बसलो तर घोड्याला झापडं लावल्यासारखं वाटलं.

आता कर्व्ह. १५००आर म्हणजे दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरी ताणून मधली खोली मोजली, सव्वापाच सेंमी भरली. पहिले चार दिवस 'वा वा', पाचव्या दिवसापासून डोळ्यांना पत्ताही नाही. त्यापायी जास्तीचे पैसे का मोजायचे?

बोला आता.

तिरकी रेघ

धाग्याचा अर्धा भाग पटला, अर्धा साफ चूक.

कर्व्ह जाणवत नाही, हेच त्याचं काम चोख चाललंय याचं लक्षण आहे. चष्म्याचा नंबर बरोबर असला की चष्मा जाणवतो का? हिशोब करा. तुम्ही ६० सेंमीवर बसलाय आणि पडदा ८० सेंमी रुंद आहे. सपाट असता तर कडेला तुमची नजर साधारण ३४ अंशांनी तिरकी पडली असती. १५००आर मुळे तीच २१ अंशांवर येते. १०००आर घेतलात तर १४. व्हीए पॅनल तिरकं बघितलं की काळा रंग राखाडी पडतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. सपाट व्हीए अल्ट्रावाइड घरी आणून बघा, दोन्ही कडा धुतल्यासारख्या दिसतील. मग आठ दिवसांत दुसरा धागा काढाल.

रात्रपाळी

@तिरकी रेघ, अंशांचा हिशोब मान्य. पण मग कर्व्ह हे व्हीएच्या दुखण्यावरचं औषध झालं. आयपीएस या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलला ते दुखणं इतकं नाही, त्याला कशाला पाजायचं?

आणि जाहिरातीत जे सांगतात की कर्व्हमुळे गेम 'डोळ्यांच्या आकाराचा' होतो, ती शुद्ध थाप. गेमचं इंजिन चित्र काढतं ते सपाट पडदा गृहीत धरूनच. १६:९ वर आडवा कोन ९० अंश असेल तर तेवढ्याच उंचीला अल्ट्रावाइडवर तो १०७ च्या घरात जातो, आणि कडेची माणसं, झाडं ताणली जातात. पळताना कडेचा पोलिस माझ्याकडे तर गोणपाटाएवढा रुंद दिसतो. पडदा वाकवला म्हणून तो बारीक होत नाही.

इको राउंड

तुम्ही दोघं त्रिज्या मोजत बसा. मी एकच विचारतो, खेळता काय?

व्हॅलोरंट या ऑनलाइन शूटिंग गेमला अल्ट्रावाइड चालतच नाही. चित्र १६:९ च राहतं, दोन्हीकडे ४४०-४४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या. म्हणजे ३२ हजार देऊन पुन्हा २७ इंचीच घरात. एल्डन रिंग २०२२ मध्ये आला तोही तसाच, वर सेकंदाला ६० फ्रेमचं कुलूप. ते मॉडने (चाहत्यांनी गेममध्ये केलेल्या बदलाने) तोडता येतं, पण त्यासाठी अँटी-चीट (फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) बंद करून ऑफलाइन खेळावं लागतं. मग मित्राला हाक कशी मारायची? पीएस५ जोडलात तर तिथेही पट्ट्या.

काउंटर-स्ट्राइक २ मध्ये चालतं, कडेचं जास्त दिसतं, कबूल. पण त्यातही मॅच जिंकायला मला २४ इंची सपाट, २४० हर्ट्झवाला (सेकंदाला २४० वेळा चित्र बदलणारा), नाकासमोर हवा. मिनीमॅप (कोपऱ्यातला छोटा नकाशा) बघायला मान वळवायची असेल तर तोवर मी मेलेलो असतो.

रात्रपाळी

@इको राउंड, व्हॅलोरंटवाल्याने हा मॉनिटर घेऊच नये. यावर वादच नाही.

दमट हवा

व्हीएचं खरं दुखणं कोणी काढलंच नाही. अंधाऱ्या बोळातून टॉर्च घेऊन पळा आणि पटकन वळा. काळ्या भागाच्या मागे शाई फरफटल्यासारखी दिसते. हर्ट्झ कितीही लिहिलेले असोत, स्वस्त व्हीएमध्ये काळ्यावरून राखाडीवर यायला पिक्सेल वेळ खातो. मी हॉरर गेम खेळतो, मला तो डाग सोसवेना. तीन महिन्यांत विकला.

आता ओलेड वापरतोय, ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो. २०२२ मध्ये एलियनवेअरचा एडब्ल्यू३४२३डीडब्ल्यू आला तेव्हापासून ३४ इंची क्यूडी-ओलेडची (ओलेडचाच एक प्रकार) वाट मोकळी झाली. काळा म्हणजे खरंच काळा. रडगाणं दोनच: टास्कबार आणि हेल्थबार एकाच जागी तासन्‌तास राहिले तर डाग बसायची भीती, आणि अक्षरांच्या कडांना रंगीत झालर. मराठीत वेलांट्या-उकार फार, मला ती झालर ईमेल वाचताना दिसते. गेममध्ये अजिबात नाही.

कैरी

इथे सगळे अंधारात खेळतात वाटतं. माझ्या खोलीत पाठीमागे खिडकी आणि वर ट्यूबलाइट. सपाट मॉनिटरवर ट्यूबची एक रेघ दिसायची, ती मॉनिटर जरा तिरपा केला की गायब. कर्व्हडवर तीच ट्यूब ओघळलेल्या मेणबत्तीसारखी अर्ध्या पडद्यावर पसरते, कुठेही वळवा. शेवटी पडदा शिवून घेतला, खिडकीला.

तरीही मी कर्व्हच्या बाजूने. फ्लाइट सिम्युलेटर खेळते. मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरताना डावी-उजवीकडची वस्ती नजरेच्या टोकाला सरकत जाते ना, ती सपाटवर नाही येत. आकडे मला सांगता येणार नाहीत. वर्षभर दोन्ही वापरलेत एवढंच.

बाकी घरच्यांसोबत सिनेमा बघायचा असेल तर विसरा. मधली खुर्ची एकच, तिच्यावरून भांडणं. सिनेमा मात्र पडदाभर बसतो, पट्ट्या नाहीत.

साडेतीन टक्के

@रात्रपाळी, जखमेवर मीठ चोळतो, माफ करा. जुलैत घेतलात म्हणालात. तेव्हा ३२ इंचांच्या वरच्या मॉनिटरला २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. तुमच्या ३२ हजारांत मूळ किंमत २५ हजार. दुकानदाराने फायदा पुढे दिला असता तर साडेएकोणतीस. दोन महिने थांबला असतात तर अडीच हजार वाचले असते.

रात्रपाळी

वाचलं. बायकोला सांगू नका.

त्याहून मोठा गाढवपणा ऐका. दुकानातल्या मुलाने जोडून दिला तो एचडीएमआयने. मॉनिटर १६५ हर्ट्झचा, पण त्यावरचं एचडीएमआय २.० चं, म्हणजे या रिझोल्यूशनला १०० च्या वर जात नाही. त्यात विंडोजने सेटिंगमध्ये ६० धरून ठेवलेलं. दिवाळीपर्यंत मी ६० वर खेळत होतो आणि इथे 'फार स्मूद आहे हो' म्हणून सांगत होतो. डिस्प्लेपोर्टची केबल खोक्यात तशीच, पिशवीसुद्धा फोडली नव्हती.

तिरकी रेघ

म्हणजे ज्याला दिवाळीपर्यंत हर्ट्झ कळले नाहीत तो कर्व्ह कळत नाही म्हणतोय. साक्षीदार फुटला. :)

नवा भिडू

सगळं वाचलं, डोकं फिरलं. माझं सांगतो: बजेट ३५ हजार, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, टेबल चार फूट बाय दोन फूट. निम्मा वेळ व्हॅलोरंट, निम्मा फोर्झा होरायझन ५. घेऊ का?

इको राउंड

नको.

कैरी

घे. फोर्झासाठी तरी घे.

रात्रपाळी

@नवा भिडू, आधी कार्डाचं बघ. २५६० बाय १४४० म्हणजे ३७ लाख पिक्सेल, आपला ४९.५ लाख. एकतृतीयांश जास्तीचं ओझं. माझ्याकडे ज्या गेमला ८० फ्रेम होत्या त्याला ६२ झाल्या. फोर्झा ३०६० वर सेटिंग थोडी उतरवून चालेल, पुढच्या जड गेमना रडवेल. १०८० वरून (१९२० बाय १०८०) येत असशील तर झटका दुपटीहून मोठा, तिथे २१ लाखच पिक्सेल असतात.

तिरकी रेघ

आणि टेबल. दोन फूट म्हणजे ६१ सेंमी. या मॉनिटरांचे पाय कोंबडीच्या पंजासारखे पुढे पसरतात, सहज २५ सेंमी खातात. मग पडदा नाकाला टेकतो आणि कीबोर्ड मांडीवर. आर्म (मॉनिटर धरणारा हात) लाव, भिंतीला सरकव, मग ६० सेंमी अंतर कसंबसं मिळेल. विकत घेण्याआधी एक काम कर: पुठ्ठा ८० बाय ३३ चा काप, दोन्ही टोकं किंचित पुढे वाकव आणि टेबलावर उभा करून दोन दिवस समोर बस.

नवा भिडू

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून लावला. खुर्चीवरून दोन्ही टोकं दिसतात, मान वळवावी लागत नाही. स्पीकर मात्र टेबलावर मावत नाहीत, ते खाली गेले. आईने दोनदा विचारलं, हे खोकं कधी उचलणार म्हणून. व्हॅलोरंटचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये, जुना २४ इंची विकू नये असं वाटतंय.

इको राउंड

विकू नकोस. आणि विकलासच तर मला विचार आधी.