मदत हवी आहे: १८३७ च्या ग्यॉटिंगेनमध्ये नायिकेच्या हाती पुस्तकं कशी पडतील?

माझ्या कादंबरीचा दुसरा भाग लिहिते आहे. जर्मनीतलं ग्यॉटिंगेन विद्यापीठ, अंधारं ग्रंथालय, जादू आणि प्रेम. पाया ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातल्या ४६ व्या कथेचा. मांत्रिक तीन बहिणींना एकेक करून अंडं सांभाळायला देतो. बंद खोलीत ते रक्तात पडतं आणि डाग घासूनही जात नाही. धाकटी मात्र अंडं आधीच नीट ठेवून देते, शेवटी अंगाला मध फासून पिसांत लोळते आणि पक्षी बनून निसटते. पहिला भाग तिथे संपला.

आता तिचं प्रेम ग्रंथालयातल्या मदतनिसावर जडतं. याकोब ग्रिम तिथेच प्राध्यापक आणि ग्रंथपाल. राजाने राज्यघटना रद्द केल्याचा निषेध केला म्हणून डिसेंबर १८३७ मध्ये दोघा भावांसह सात प्राध्यापक बडतर्फ झाले. कथा त्याच आठवड्यात संपते.

अडचण अशी की तेव्हा मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. १७८७ मध्ये डोरोथेया श्लोत्सरला तिथे डॉक्टरेट मिळाली, पण ती प्राध्यापकाची मुलगी. माझी नायिका विणकराची. पुरुषवेशाचा प्रसंग लिहून पाहिला, फाडून टाकला. पिसं पांघरून सुटलेल्या मुलीला पुन्हा वेषांतर करायला लावणं मला पटेना. मदतनिसाने चोरून पुस्तकं आणून द्यावीत हेही नको, तिने स्वतः आत जायला हवं. जादूने दार उघडणार नाही, हा नियम पहिल्या भागातच घातला आहे.

जर्मनीत राहणारं किंवा त्या काळाचा अभ्यास असलेलं कोणी सांगेल का: झाडलोट, पुस्तकबांधणी, हस्तलिखितांची नक्कल, यांपैकी कोणत्या कामासाठी अशा घरातली बाई त्या ग्रंथालयात रोज जाऊ शकली असती?